समुद्राकडून चौकाकडे : मोठ्या क्रूझ जहाजांच्या रचनेची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत जळगाव, धुळे, भुसावळ या भागातील सहल-आयोजकांच्या पत्रकांत चारधाम, काश्मीर आणि दुबई यांच्या जोडीला क्रूझचीही भर पडली आहे. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीप, अथवा विमानाने सिंगापूर गाठून तेथून पुढे, अशा या थोड्या रात्रींच्या सहली असतात. दर सांगताना खोलीचे प्रकार सांगितले जातात: आतली खोली, खिडकीची खोली, बाल्कनीची खोली आणि सर्वांत महाग स्वीट. फार मोठ्या परदेशी जहाजांच्या बाबतीत यात आणखी एका प्रकाराची भर पडते, ती म्हणजे समुद्राकडे नव्हे तर जहाजाच्याच पोटातील मोकळ्या जागेकडे उघडणारी बाल्कनी. हा प्रकार का निर्माण झाला आणि त्यामुळे प्रवाशाच्या अनुभवात काय बदलले, हे समजण्यासाठी जहाजबांधणीत साधारण १९८० पासून झालेल्या बदलांकडे पाहावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. खानदेशाला समुद्रकिनारा नाही, तरी आगबोटींच्या वेळापत्रकाशी त्याचा संबंध जुना आहे. विलायतेची टपालबोट मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागली की उतारूंना आणि टपालाला उत्तरेकडे नेण्यासाठी धक्क्यावरूनच जी गाडी सुटत असे, ती १ जून १९१२ पासून भुसावळमार्गे पेशावरपर्यंत धावू लागली. आजची पंजाब मेल ती हीच. त्या काळी जहाज हे पोहोचण्याचे साधन होते. वेग, टपालाची वक्तशीरता आणि वर्गवारी या तीन गोष्टींवर त्याची रचना ठरत असे. पहिल्या वर्गाचा उतारू आणि खालच्या मजल्यावरचा उतारू यांची जेवणघरे, बसण्याच्या जागा आणि फिरण्याचे डेक वेगवेगळे असत. १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमाने नियमित उडू लागली आणि १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडला, तेव्हा या आगबोटींचे दिवस भरले.

आजच्या क्रूझ जहाजाचा खरा आरंभ १९७९-८० मध्ये झालेल्या एका रूपांतरात शोधावा लागतो. ‘फ्रान्स’ हे सुमारे ३१६ मीटर लांबीचे जहाज १९६२ पासून अटलांटिक ओलांडत होते. हिवाळ्यातील खवळलेल्या समुद्रातून ३० नॉटच्या (ताशी सुमारे ५५ किलोमीटर) आसपास वेगाने जाण्यासाठी ते बांधलेले होते, आणि नेमक्या याच गुणांचा उपयोग संपल्यामुळे १९७४ पासून ते पडून होते. ते विकत घेऊन जर्मनीतील ब्रेमरहाफेन येथे त्याचा कायापालट करण्यात आला. दोनपैकी एक यंत्रघर बंद केले, वेग कमी केला, मागील बाजूस उघडे डेक आणि पोहण्याचा तलाव वाढवला, आणि जहाजाचा तळ पाण्यात खोलवर जात असल्याने कॅरिबियनमधील लहान बंदरांत प्रवासी उतरवण्यासाठी पुढच्या डेकवर दोन मोठ्या होड्या चढवल्या. ‘नॉर्वे’ या नव्या नावाने १९८० मध्ये ते मायामीहून निघू लागले.

या रूपांतरातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही, पण पुढच्या सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. जुन्या जहाजाच्या दोन्ही कडांना काचा लावलेले लांबलचक फिरण्याचे मार्ग होते. त्यांना न्यूयॉर्क आणि पॅरिसमधील प्रसिद्ध रस्त्यांची नावे देऊन तेथे दुकाने आणि बसण्याच्या जागा मांडण्यात आल्या. जहाजात रस्ता असावा ही कल्पना येथे ठळकपणे दिसते. मात्र या रस्त्याच्या एका बाजूला दुकान होते आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. हे जहाज २००६ मध्ये तोडण्यासाठी गुजरातमधील अलंगला आणले गेले आणि त्यातील आरोग्याला घातक ॲस्बेस्टॉसवरून न्यायालयात वाद झाला. खानदेशातून वाहत जाणारी तापी ज्या खंबातच्या आखाताला मिळते, त्याच आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावर अलंग आहे.

१९८० च्या दशकात जहाज कसे असावे याची दोन परस्परविरोधी उत्तरे पुढे आली. १९८४ मध्ये हेलसिंकी येथे बांधलेल्या ‘रॉयल प्रिन्सेस’वर एकही आतली खोली नव्हती. जेवणघर, सभागृह वगैरे सार्वजनिक जागा खालच्या मजल्यांवर नेऊन खोल्या वर ठेवल्या होत्या, प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी होती आणि बऱ्याच खोल्यांना बाल्कनी. १९८८ मध्ये फ्रान्समधील सेंट नाझेर येथे बांधलेल्या ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ने उलट मार्ग धरला: खोल्या सुमारे ११ चौरस मीटरच्या, म्हणजे दोन पलंग आणि एक कपाट मांडले की हलायला जागा उरणार नाही इतक्या लहान, आणि वाचलेली जागा पाच मजली आट्रियमला (अनेक मजले उंच मोकळ्या दालनाला), नाट्यगृहाला आणि उघड्या डेकला. खोली झोपण्यापुरती, बाकीचा वेळ बाहेर, असे त्यामागचे गणित होते. तिकीट स्वस्त ठेवता येत असल्याने तेच गणित बराच काळ चालले.

मुंबईहून २०२१ पासून निघणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज याच दुसऱ्या परंपरेतले आहे. ते १९९० मध्ये सेंट नाझेर येथेच, मायामीहून बहामाला जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी बांधले गेले. त्यामुळे खोल्या लहान, बाल्कनीच्या खोल्या मोजक्या आणि मध्यभागी उंच आट्रियम ही त्याची रचना दोन-तीन रात्रींच्या मुंबई-गोवा फेरीला आजही जुळते. खोली लहान असल्याची तक्रार करणाऱ्या प्रवाशाला ती तशी मुद्दाम ठेवली होती हे कोणी सांगत नाही. त्याच्याआधी, २०१९ मध्ये, ‘कर्णिका’ नावाचे जहाज मुंबईहून निघू लागले होते. तेही १९९० चे, डॉल्फिनच्या डोक्यासारख्या पुढच्या गोलाईमुळे ओळखले जाणारे. २०२० मध्ये सहली बंद पडल्या आणि त्याच वर्षी ते अलंगला गेले.

येथे मापाविषयी सांगणे आवश्यक आहे. जाहिरातींत ‘अडीच लाख टनांचे जहाज’ असे लिहिलेले असते. हे वजन नव्हे. ग्रॉस टनेज हा आकडा जहाजातील बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढतात. त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा याचा अंदाज मिळतो. एका खोलीत दोघे असे धरल्यास ‘एम्प्रेस’वर हा भागाकार ३० च्या आसपास येतो (४८,५६३ भागिले सुमारे १,६००), तर २०२४ मध्ये प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर ४४ (२,४८,६६३ भागिले ५,६१०). मात्र ही वाढलेली जागा प्रामुख्याने खोलीत गेलेली नाही. ती कोठे गेली, हाच या टिपणाचा मुख्य मुद्दा आहे.

पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांतून सुमारे ३२ मीटरपेक्षा रुंद जहाज जात नसे आणि जहाजबांधणीवर ही मर्यादा दीर्घकाळ राहिली. १९९६ मध्ये एक लाख टनांवरील पहिले क्रूझ जहाज ‘कार्निव्हल डेस्टिनी’ बांधताना ती ओलांडली गेली. रुंदी वाढली तशी एक नवी अडचण उभी राहिली. समुद्राकडील बाजू दोनच. त्यामुळे रुंदी वाढवली तरी खिडकीच्या खोल्या वाढत नाहीत, मधला अंधारा पट्टा मात्र वाढतो. त्या पट्ट्यात आतल्या खोल्या भरायच्या की आणखी काही करायचे, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर फिनलंडमधील तुर्कू येथील गोदीत आधीच तयार झाले होते. १९९० मध्ये या गोदीने ‘सिल्या सेरेनाड’ नावाचे हेलसिंकी-स्टॉकहोम मार्गावरील रात्रीचे प्रवासी जहाज बांधले. बाल्टिक समुद्रातील हिवाळा लांब, अंधारा आणि गोठवणारा. उघड्या डेकचा तेथे बरेच महिने उपयोग नसतो. म्हणून जहाजाच्या मधोमध १४२ मीटर लांबीचा, वर अनेक मजले मोकळा असलेला रस्ता सोडला आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्या त्या रस्त्यावर काढल्या. १९९९ मध्ये त्याच गोदीने ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’ बांधताना ही रचना कॅरिबियनच्या उन्हात नेली. तेथे चार मजले उंचीच्या बंद रस्त्यावर दुकाने, मिरवणुका आणि त्याकडे पाहणाऱ्या खिडक्या होत्या. ‘नॉर्वे’च्या रस्त्याला लागून असलेला समुद्र येथे नाहीसा झाला. थंडीवरचा उपाय उष्ण प्रदेशात का हवा, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही.

२००९ मध्ये तुर्कूच्याच ‘ओॲसिस ऑफ द सीज’ने पुढचे पाऊल टाकले. जहाजाचा वरचा भाग मधोमध चिरून दोन भिंतींसारखा उभा केला आणि मधली जागा आकाशाला उघडी ठेवली. एका भागात सुमारे १०० मीटर लांबीची बाग, तीत जिवंत झाडे आणि सुमारे १२,००० रोपे. मागच्या भागात घोड्यांचा गोल झोपाळा आणि पाण्यावरच्या कसरतींचे खुले नाट्यगृह. दोन्हींवर आतल्या बाल्कन्या. सलग वरचे डेक जहाजाला लांबीच्या दिशेने बळकटी देतात; ते चिरल्यावर तो भार खालच्या रुंद सांगाड्याने घ्यावा लागतो, आणि पाण्याच्या पातळीवर ४७ मीटर रुंदी असल्यामुळे हे साधले. जहाज इतके उंच झाले की बाल्टिकमधून बाहेर पडताना डेन्मार्कमधील ६५ मीटर उंचीच्या पुलाखालून जाण्यासाठी त्याची धुराडी खाली घ्यावी लागली.

या निर्णयाचे समर्थन करणारे म्हणतात की मधल्या अंधाऱ्या पट्ट्याला उजेड आणि हवा मिळाली, पाच हजारांहून अधिक माणसे सात वेगवेगळ्या भागांत विखुरली गेल्याने गर्दी जाणवेनाशी झाली, आणि समुद्राच्या बाल्कनीपेक्षा कमी दरात बाल्कनी मिळू लागली. यातील गर्दीचा मुद्दा खरा आहे. जुन्या जहाजांत सगळ्यांची पावले एकाच आट्रियमकडे आणि एकाच तलावाकडे वळत. येथे तसे होत नाही. आपल्याकडील वाड्याच्या खोल्या रस्त्याकडे पाठ करून चौकात उघडतात, त्याच तत्त्वाची ही रचना आहे, आणि उन्हाळ्याच्या झळांत चौकाचे मोल काय असते ते खानदेशात कोणाला सांगायला नको.

तरीही एक फरक उरतोच. वाड्याचा चौक एका कुटुंबाचा असतो. जहाजाच्या चौकात समोरच्या बाल्कनीत अनोळखी माणसे बसलेली असतात, काही मीटरवरून ती आपल्या खोलीत पाहू शकतात, म्हणून पडदा ओढला जातो, आणि एकदा पडदा ओढला की बाल्कनीचे पैसे मोजून प्रवासी पुन्हा आतल्याच खोलीत येतो. मागील भागातील कार्यक्रमांचा आवाज रात्री उशिरापर्यंत खोलीत पोहोचतो. पहाट झाली, जमीन दिसू लागली, डावीकडे गोदी आली की उजवीकडे, यातील काहीच तेथून समजत नाही. ज्याच्या घरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि जो कदाचित आयुष्यात एकदाच जहाजावर चढणार आहे, त्याच्या दृष्टीने हा दुय्यम तपशील नाही. आतली बाल्कनी वाईट आहे असे म्हणता येणार नाही. पण दरपत्रकात तिला समुद्राच्या बाल्कनीच्या शेजारी, जवळजवळ त्याच नावाने बसवणे योग्य नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

समुद्र हरवल्याची जाणीव बांधणाऱ्यांनाही होती, हे नंतरच्या उपायांवरून दिसते. २०११ मध्ये ‘डिस्ने ड्रीम’च्या आतल्या खोल्यांत बाहेरील कॅमेऱ्याचे दृश्य दाखवणारे गोल पडदे बसवले गेले, २०१४ मध्ये ‘नॅव्हिगेटर ऑफ द सीज’वर हाच प्रकार जमिनीपासून छतापर्यंतच्या पडद्यावर आला. सेंट नाझेरने २०२२ मध्ये ‘वर्ल्ड युरोपा’ बांधताना अधिक सरळ तोडगा काढला. त्याचा मागचा भाग दुभागलेला असून मधला १०४ मीटरचा रस्ता शेवटी थेट समुद्राकडे उघडतो. चौक ठेवूनही समुद्राकडे पाठ न फिरवण्याचा हा प्रयत्न आजवरच्या मोठ्या जहाजांत अधिक विचारपूर्वक वाटतो. तुर्कूच्या ‘आयकॉन’ने मात्र बाग आतच ठेवली आहे.

बाहेरच्या बाल्कन्यांचाही प्रश्न नव्हता असे नाही. मार्च २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कनीत लागलेली आग प्लास्टिकच्या आडभिंतींमुळे मजल्यामागून मजले चढत गेली आणि एका प्रवाशाचा मृत्यू झाला. त्यानंतर बाल्कनीतील साहित्याविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. आज बाल्कनीतील खुर्चीपासून आडभिंतीपर्यंत जी बंधने दिसतात, त्यांचे मूळ तेथे आहे.

मुंबईत २०२५ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले असून, १९९९ आणि २००१ मध्ये बांधलेली सुमारे ७७ ते ७८ हजार टनांची दोन जहाजे येथून चालवण्याची घोषणाही झाली आहे. त्यांच्यावर ‘एम्प्रेस’पेक्षा कितीतरी अधिक बाल्कन्या आहेत आणि त्या सर्व समुद्राकडे आहेत, कारण दोन्ही जहाजे मधोमध चिरण्याच्या पद्धतीआधीची आहेत. सिंगापूरहून अनेक हंगाम निघालेल्या ‘व्हॉयेजर’ वर्गाच्या, म्हणजे त्याच आराखड्याच्या, जहाजांवर मात्र रस्त्याकडे पाहणाऱ्या खिडक्या आहेत, आणि ‘ओॲसिस’ वर्गावर चौकातल्या बाल्कन्या. पत्रकात नुसते ‘खिडकी’ किंवा ‘बाल्कनी’ छापलेले असेल, तर आयोजकाकडून डेकचा नकाशा मागवून खोलीचा क्रमांक जहाजाच्या बाहेरच्या कडेला आहे की मधल्या पट्ट्यात, हे पैसे भरण्यापूर्वी पाहता येते.