खोली वेगळी, पण कार्डाचा हात लांब

क्यूब्स ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम स्वभावानंच संशयी आहे. पोलंडच्या जोआना रुटकोव्स्का यांनी ती उभी केली. पहिली आवृत्ती २०१२ साली आली. बँकेचं काम एका आभासी यंत्रात (एकाच संगणकात सॉफ्टवेअरनं पाडलेल्या वेगळ्या खोलीत), अनोळखी ईमेल उघडायची ती दुसऱ्यात आणि वायफायचं कार्ड तिसऱ्याच्याच ताब्यात. वायफायच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, कुणी आत शिरलाच, तर त्यानं त्या तिसऱ्या खोलीत अडकून पडावं, एवढाच हेतू.

गोम त्या कार्डातच आहे.

आभासी यंत्रातला प्रोग्रॅम मेमरीचा कोणताही पत्ता मागो, प्रोसेसर तो हायपरव्हायजरनं (या सगळ्या खोल्या वेगळ्या राखणाऱ्या मूळ प्रोग्रॅमनं) आखून दिलेल्या तक्त्यातूनच पाहतो. नेटवर्क कार्ड मात्र प्रोसेसरला विचारत बसत नाही. पॅकेट आलं की ते स्वतःच रॅममध्ये लिहून मोकळं होतं. याला डीएमए म्हणतात, आणि आपल्याला मिळणारा वेग बराचसा त्याच्याच जिवावर. कुठं लिहायचं हे कार्डाला ड्रायव्हर सांगतो, आणि ड्रायव्हर तर त्या खोलीतलाच! खोली हल्लेखोराच्या हाती गेली की तो हायपरव्हायजर राहतो तोच पत्ता कार्डाला देणार. कार्ड मुकाट्यानं लिहिणार. भिंत न फोडता घर लुटलं जातं, ते असं.

म्हणून मध्ये राखणदार बसवला: आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणते, एएमडी एएमडी-व्हीआय. कोणत्या उपकरणानं मेमरीच्या कोणत्या पानांना हात लावायचा, याचा तक्ता त्याच्याकडे असतो. एक पान साधारण ४ किलोबाइटचं. क्यूब्सची चौथी मालिका या राखणदाराची अटच घालते. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, तो बंद असेल, तर वेगळ्या खोलीला फारसा अर्थ उरत नाही.

पण राखणदार असला म्हणजे झालं, असंही नाही. २०११ मध्ये सुरक्षा-संशोधक राफाल वोज्चुक आणि खुद्द रुटकोव्स्का यांनीच व्हीटी-डीला वळसा घालून दाखवला. उपकरण प्रोसेसरला हाक मारतं तीसुद्धा एका ठरावीक पत्त्यावर लिहूनच, याला इंटरप्ट म्हणतात. हल्लेखोरानं त्याच पत्त्यावर डीएमएनं हवा तो आकडा लिहायला लावला, तर खोटी हाक जाते आणि प्रोसेसर नको ते काम करू लागतो. यावर इंटरप्ट रीमॅपिंगचा, म्हणजे कोणतं उपकरण कोणती हाक मारू शकतं ते तपासण्याचा, उपाय होता, पण त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांत ही सोयच नव्हती. दाराला कुलूप, आणि घंटेची तार उघडी. मला तरी हा हल्ला भारी वाटतो.

दुसरा धोका कमी चर्चेतला. कार्डाला स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतच बसवलेला प्रोग्रॅम, असतं. खोली पुसून नवी करता येते, पण काही कार्डांच्या चिपमध्ये लिहून ठेवलेलं तसंच राहतं. तेच कार्ड उद्या दुसऱ्या खोलीला दिलं, की कालचा पाहुणा सोबत येतो. क्लाउडवाल्यांनी, एका भाडेकरूचं हार्डवेअर दुसऱ्याला देताना, याची धास्ती घ्यायलाच हवी.

यूएसबीचं त्रांगडं आणखी वेगळं. खोलीला सहसा एकेक पोर्ट नव्हे, अख्खा कंट्रोलर (अनेक पोर्ट सांभाळणारी चिप) द्यावा लागतो. त्याच कंट्रोलरवर तुमचा कीबोर्ड असला, तर ती यूएसबीची खोली ताब्यात घेणारा तुमच्या नावानं कळा दाबू शकतो, पासवर्डही वाचू शकतो. बऱ्याच लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड अजून जुन्या पीएस/२ पद्धतीनं जोडलेला असतो, यूएसबीवर नसतोच. क्यूब्स वापरणारे त्याच्यावर बेहद्द खूश असतात.