आठ ग्रह, आठ क्लिक आणि एकच ‘आय’

सूर्यमालेचं साधं ॲनिमेशन घ्या. पडद्यावर आठ ग्रह, ज्यावर क्लिक कराल त्याची माहिती उघडायची. तोच कोड आठदा लिहिण्याचा कंटाळा येतो, म्हणून ग्रहांचा ॲरे (क्रमवार यादी) करून 0 ते 7 असा लूप (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) फिरवतात आणि प्रत्येक ग्रहाला क्लिकचं फंक्शन (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) जोडतात. त्या फंक्शनमध्ये लूपचाच ‘आय’, म्हणजे फेऱ्या मोजणारं व्हेरिएबल (किंमत ठेवायची जागा), वापरलेला असतो. मग बुध दाबा नाहीतर शनी, काहीच उघडत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट 3 मध्ये (फ्लॅश ॲनिमेशनची प्रोग्रॅमिंग भाषा) 1010 क्रमांकाची एरर तेवढी येते.

लूप क्षणात संपतो, क्लिक होतं त्यानंतर कधीतरी. फंक्शन ‘आय’ची त्या वेळची किंमत टिपून ठेवत नाही, ते व्हेरिएबललाच धरून असतं. अट ‘8 पेक्षा कमी’ असल्यामुळे लूप थांबतो तेव्हा ‘आय’ 8 झालेला असतो, आणि 8 क्रमांकाचा, म्हणजे नववा ग्रह ॲरेत नाही. (प्लूटोप्रेमींनी माफ करावं.)

यावर बहुतेक जण लूपच्या आत ‘व्हॅर’ या शब्दाने नवं व्हेरिएबल करून त्यात ‘आय’ ठेवतात. एरर जाते, पण आता कुठेही क्लिक केलं तरी नेपच्यूनच उघडतो! ‘व्हॅर’ला महिरपी कंसाची हद्द नसते, ते अख्ख्या फंक्शनचं असतं, आठही ग्रहांना मिळून एकच व्हेरिएबल, त्यात शेवटचा 7. जावास्क्रिप्टमध्ये 2015 च्या आवृत्तीपासून व्हेरिएबल करायला ‘लेट’ हा शब्दही आहे. ‘फॉर’च्या (लूपच्या) कंसात ते लिहिलं की प्रत्येक फेरीला वेगळं व्हेरिएबल मिळतं आणि प्रश्न मिटतो. ॲक्शनस्क्रिप्टमध्ये ही सोय नाही. तिथे आकडा घेऊन नवं फंक्शन परत देणारं फंक्शन बाहेर लिहावं लागतं. मात्र लिसनर (क्लिकची वाट पाहणारं जोडलेलं फंक्शन) काढताना जोडलेलं तेच फंक्शन द्यावं लागतं, त्यामुळे ती आठही सांभाळून ठेवणं आलं.

आमच्या मते इतका खटाटोप नकोच. सगळ्या ग्रहांना नाव दिलेलं एकच फंक्शन जोडा आणि कुठला ग्रह दाबला हे इव्हेंटलाच (फंक्शनला मिळणाऱ्या क्लिकच्या नोंदीला) विचारा: ‘करंटटार्गेट’ (ज्याला फंक्शन जोडलंय तो ग्रह) घ्या, ॲरेवर ‘इंडेक्सऑफ’ (यादीतला क्रमांक शोधणारं फंक्शन) चालवा, क्रमांक हातात. इथे ‘टार्गेट’ वापरू नका. शनीची कडी ग्रहाच्या आतली वेगळी मूव्हीक्लिप (स्वतंत्र चित्रघटक) असेल आणि क्लिक तिच्यावर पडलं, तर ‘टार्गेट’ म्हणजे प्रत्यक्ष क्लिक झालेली कडी. ती ॲरेत नसते आणि उत्तर येतं -1, म्हणजे ‘सापडलं नाही’. ‘टार्गेट’च हवं असेल, तर ग्रहाचं ‘माउसचिल्ड्रन’ (आतल्या भागांनी क्लिक घ्यायचं का, हे ठरवणारं सेटिंग) फॉल्स करा.