मीठ काढायला गेले, गॅस लागला

चीनचा सिचुआन प्रांत समुद्रापासून फार आत. त्यात आकाश सदा ढगाळ. इतकं की तिथली कुत्री सूर्य दिसला तर त्याच्यावर भुंकतात, अशी चिनी भाषेत म्हणच आहे. म्हणजे कोकणातल्या मिठागरांसारखं उन्हावर मीठ पिकवायची सोय नाही. पण जमिनीखाली, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं खारं पाणी भरपूर. ते काढायला पहिल्या विहिरी इ.स.पू. तिसऱ्या शतकात ली बिंग या सुभेदारानं खणवल्या, असं मानलं जातं.

काही विहिरींतून पाण्याबरोबर वायूही निघे आणि भडकन पेटे. लोक त्यांना अग्निविहिरी म्हणू लागले. अझरबैजानात बाकूजवळ सुराखानीला अशाच ज्वाळांभोवती पुढे मंदिर उभं राहिलं (भारतीय व्यापाऱ्यांचे देवनागरी शिलालेख तिथे आजही आहेत). सिचुआनच्या लोकांनी मात्र सरळ कढई चढवली. या आगीवर खारं पाणी उकळून मीठ केल्याची नोंद चौथ्या शतकातली आहे.

खरी करामत पुढची. अकराव्या शतकात त्यांनी माणूस आत न उतरवता अरुंद भोक पाडायची युक्ती काढली. एका फळीच्या टोकाला बांबूच्या दोरानं जड लोखंडी पहार टांगलेली. दुसऱ्या टोकावर माणसांनी उडी मारून उभं राहायचं की पहार उचलली जाई. उतरले की ती तळाशी आदळे. दिवसभर हेच. दगडाचा चुरा झाला की पाणी ओतून तो पोकळ बांबूनं उपसायचा. त्या बांबूच्या बुडाशी चामड्याची झडप. खाली जाताना उघडायची, वर ओढताना आतल्या वजनानं मिटायची. खारं पाणीही असंच वर काढत. सिचुआनमधल्या झिगाँग गावची शेनहाई विहीर याच पद्धतीनं 1835 साली 1001 मीटरवर पोचली. तिला 13 वर्षं लागली, म्हणजे दिवसाला जेमतेम वीतभर.

गॅस कढयांपर्यंत नेला जाई तोही बांबूच्या नळ्यांतून. सांध्यांना चुना आणि तुंग तेलाचा (तुंग झाडाच्या बियांच्या तेलाचा) लेप. मग नळी जळत कशी नाही? हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि तो हवेत साधारण 5 ते 15 टक्के असेल तरच पेटतो. नळीत नुसताच गॅस, प्राणवायू नाही, त्यामुळे ज्वाळा आत शिरत नाही. हवा मिळते ती तोंडाशी, तिथेच तो जळतो. तेवढ्या टोकाला न जळणारी तोटी बसवली की काम झालं. हे सगळं रसायनशास्त्राला मिथेनचं नावही ठाऊक नसताना चाललं होतं.

तेलाचा इतिहास सांगताना सुरुवात हमखास अमेरिकेत तेलाची विहीर खणणाऱ्या एडविन ड्रेकपासून होते. पण तिथेही मीठच आधी होतं. पेनसिल्व्हेनियात टॅरेंटमच्या मिठाच्या विहिरींत काळं तेल मिसळून येई आणि मीठवाले वैतागत. सॅम्युअल कियरनं ते आधी औषध म्हणून बाटल्यांत भरून विकलं, मग गाळून दिव्यासाठी. देवमाशाचं तेल महागलेलं, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं. ड्रेकनं टायटसव्हिलला तेलासाठी भोक पाडायचं ठरवलं तेव्हा त्यानं आणला तो बिली स्मिथ, मिठाच्या विहिरींची अवजारं घडवणारा लोहार. वरची भुसभुशीत माती सारखी ढासळत होती, म्हणून खडक लागेपर्यंत आधी लोखंडी पाइप ठोकला आणि त्याच्या आतून पहार चालवली. 27 ऑगस्ट 1859 रोजी साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं.