एलएसडी म्हणे मणक्यात साठतं!

एकदा एलएसडी हे भास घडवणारं अमली द्रव्य घेतलं की ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात कायमचं साठतं आणि पुढे कधीतरी कंबरेत कळ आली, की अचानक भास सुरू होतात, ही कथा कॉलेजच्या होस्टेलांवर वर्षानुवर्षं फिरते आहे. ऐकायला झकास, पण खोटी.

मुळात मात्राच केवढी? १९ एप्रिल १९४३ रोजी अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग केला, तो २५० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे मिठाचे चार-पाच कण! त्यातही यकृत त्याचं विघटन करतं. रक्तातलं प्रमाण साधारण दर तीन-चार तासांनी निम्मं होतं आणि अवशेष लघवीवाटे निघून जातात. साठायला उरतं काय?

अंमल ८ ते १२ तास टिकतो, त्याचं कारण वेगळं. मेंदूत सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनासाठी असलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ग्राहक-प्रथिनावर, एलएसडीचा रेणू जाऊन बसतो. अशा एका रिसेप्टरची रचना २०१७ मध्ये उलगडली, तेव्हा दिसलं की प्रथिनाचा एक भाग रेणूवर झाकणासारखा पडतो आणि तो आत अडकतो. नशेत भिंत श्वास घेताना दिसते ती रेणू असा रिसेप्टरवर बसल्यामुळेच. डोळे ठीक असतात, अर्थ लावणारा मेंदू गडबडतो.

'फ्लॅशबॅक' मात्र थाप नव्हे. काहींना नशा उतरल्यावरही महिनोन्महिने हलत्या वस्तूंमागे रेघा किंवा दिव्यांभोवती वलयं दिसतात. या विकाराला एचपीपीडी म्हणतात. पण तेव्हा शरीरात एलएसडी नसतं. म्हणून अशा तक्रारीसाठी हाडांच्या डॉक्टरकडे नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं.