चिठ्ठ्यांवरचा बाजार

लासलगावात लिलाव सुरू झाला की ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगेबरोबर व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो. कोणी कांदा दाबून बघतो, कोणी पत्ती चोळतो. बोली लागते, चढते, थांबते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. मागे शेतकरी म्हणतो, भाव पाडला. व्यापारी म्हणतो, पुढे मागणीच नाही. खरं कोणाचं, ते बाहेरच्याला कळणं अशक्य. व्यापारी मनातून कुठपर्यंत चढायला तयार होता आणि शेतकऱ्याला कितीच्या खाली परवडत नव्हतं, हे दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या पोटात. हिशोबपट्टीवर येतो तो फक्त ठरलेला भाव.

प्रयोगशाळेत अर्थशास्त्रज्ञ नेमके हेच आकडे स्वतः वाटतात. नाशिकच्या एखाद्या कॉलेजात दहा मुलं घेऊन हा खेळ सहज मांडता येईल. पाच जण शेतकरी, पाच व्यापारी, प्रत्येकाकडे किंवा प्रत्येकाला हवा एक क्विंटल कांदा. शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर खर्च लिहिलेला: 1000, 1200, 1400, 1600, 1800 रुपये. व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर तो माल पुढे कितीला जाईल ते: 2000, 1800, 1600, 1400, 1200. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. सौद्यात जो फरक सुटेल त्याच्या प्रमाणात खरे पैसे हातात पडणार, म्हणजे मुलं मन लावून घासाघीस करतात.

आता गंमत बघा. 2000 वाल्या व्यापाऱ्याला नेमका 1800 खर्चाचा शेतकरी भेटला, 1800 वाल्याला 1600 चा, आणि असंच खालपर्यंत, तर पाचही सौदे होतात. प्रत्येकात 200 रुपये सुटतात, एकूण हजार. पण सगळ्यांना एकच भाव कळला, समजा 1500, तर तीनच सौदे होतात आणि त्या तीन सौद्यांत मिळून 1800 रुपये सुटतात. उलाढाल कमी, फायदा जवळपास दुप्पट. ‘आज आवक-जावक जोरात’ ही बातमी वाचून बाजार चांगला चालला असं मानायची आपल्याला सवय आहे, ती इथे गोत्यात येते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी असाच खेळ वर्गात घेऊन 1948 मध्ये निष्कर्ष छापले. विद्यार्थी वर्गभर हिंडत, जोडीजोडीने कानात भाव ठरवत. 46 पैकी 42 खेळांत सौदे पुस्तकी हिशोबापेक्षा जास्त झाले. चेंबरलिन म्हणाले, मागणी-पुरवठ्याच्या रेषा जिथे छेदतात, म्हणजे ज्या भावाला घेणारे आणि विकणारे सारखेच भरतात, तिथे बाजार जातोच असं नाही.

चेंबरलिन यांच्या वर्गात पुढे चिठ्ठी घेऊन खेळलेल्यांपैकी एक व्हर्नन स्मिथ. पुढे पर्ड्यू विद्यापीठात शिकवताना 1956 मध्ये त्यांनी खेळ तोच ठेवला, दोन नियम बदलले. बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने करायची, आणि त्याच चिठ्ठ्यांवर बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. पहिल्या प्रयोगात 11 विकणारे, 11 घेणारे. चिठ्ठ्या पाऊण डॉलरपासून सव्वातीन डॉलरपर्यंत. हिशोबाने भाव दोन डॉलरला यायला हवा होता. कोणालाही दुसऱ्याची चिठ्ठी माहीत नसताना दोन-चार फेऱ्यांत भाव त्याच्या आसपास आला. अर्थशास्त्रात तोवर धरून चालत की असं घडायला पुष्कळ गिऱ्हाइकं आणि संपूर्ण माहिती लागते. इथे बावीस पोरं पुरली. हे 1962 मध्ये छापून आलं, आणि 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल स्मिथ यांना मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांच्याबरोबर मिळालं.

माझ्या मते आपल्याकडच्या बाजाराशी जास्त भिडतो तो त्यांचा 1964 चा प्रयोग. त्यात एका गटात फक्त घेणाऱ्यांनी बोलायचं, विकणाऱ्यांनी हो किंवा नाही एवढंच. दुसऱ्या गटात उलट. लासलगावची पद्धत पहिल्या गटासारखी: बोली व्यापाऱ्याची, शेतकरी गाडीपाशी उभा. आपल्याला वाटेल, ज्याच्या तोंडी बोली त्याची चलती. निघालं भलतंच! घेणारेच बोलत होते तिथे भाव चढे राहिले, म्हणजे गप्प बसणाऱ्याचा फायदा झाला. बोलणारे एकमेकांवर चढाओढ करताना आपले पत्ते उघडत जातात, गप्प असलेला बघत राहतो.

मग निफाड-चांदवडच्या शेतकऱ्याला हा फायदा दिसत का नाही? एक उघड शक्यता अशी की घेणारे मोजके आणि रोज एकमेकांच्या तोंडावर. आपसात ठरवलं तर चढाओढच उरत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. स्मिथ यांच्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणायला काही पडत नव्हतं. इथे भाव पटला नाही तर माल परत न्यायची मुभा आहे, पण ट्रॅक्टरचं भाडं दोन्ही बाजूंचं अंगावर पडतं, दिवस मोडतो आणि साठवणीच्या चाळीत परत टाकलेला कांदा वजनात घटतो, सडतो.

हेही चिठ्ठीवर आणता येतं. विकणाऱ्याने नकार दिला की त्याच्या कमाईतून 100 रुपये वजा, एवढाच नियम वाढवायचा. चिठ्ठ्या त्याच, मुलं तीच, बोली व्यापाऱ्यांचीच. आधी नकार फुकट ठेवून काही फेऱ्या घ्यायच्या, मग हे 100 रुपये लावून तेवढ्याच. दोन्ही भावांत जो फरक पडेल तो बहुतांशी नकाराच्या या खर्चामुळे; त्याला हवामान, निर्यातबंदी किंवा आवक जबाबदार धरता येणार नाही, कारण वर्गात त्यांतलं काहीच नसतं.