कोकण फिरायला छोटा कॅमेरा: आज दुकानात जे मिळतं ते असंच का, याची पार्श्वभूमी

गणपती संपले की दिवाळीच्या सुट्टीचे प्लॅन सुरू होतात आणि ओळखीपाळखीत एक प्रश्न हमखास येतो, मालवण-तारकर्लीला चाललोय, मोबाईल आहेच पण एखादा छोटा कॅमेरा घ्यावा म्हणतोय, कुठला घेऊ? आणि मग बघायला गेलं की माणूस गोंधळतो, कारण पंधरा वर्षांपूर्वी आठ-दहा हजारात मिळायचे ते चपटे चंदेरी कॅमेरे जवळपास गायब झालेत, आणि जे आहेत ते एकतर लाखाच्या आसपासचे नाहीतर कधी न ऐकलेल्या नावांचे. मधलं फारसं काही नाही. हे असं का झालं ते कळलं तर निवड बरीच सोपी होते, म्हणून जरा मागे जाऊया.

कॅमेरा लहान करायचा तर काहीतरी सोडावं लागतं, हे पहिल्यापासूनचं आहे. कोडॅकचा 1888 चा पहिला कॅमेरा आला तेव्हा त्यात 100 फोटोंचा रोल आधीच भरलेला असायचा, संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा, म्हणजे तिथे गिऱ्हाइकाने सोडलं ते सगळं नियंत्रण. 1900 मध्ये एका डॉलरचा ब्राउनी आला आणि सामान्य घरात कॅमेरा शिरला, पण होता तो डबाच. भटकताना सहज नेता येईल असा छोट्या फिल्मचा कॅमेरा गाजवला तो ऑस्कर बर्नाकने. हा जर्मनीत लाइट्झ कंपनीत कामाला, भटकायची आवड, पण दम्याचा त्रास, त्यामुळे काचेच्या प्लेटांचे जडशीळ कॅमेरे डोंगरावर नेणं जमेना. त्याने सिनेमाची 35 मिमीची फिल्म आडवी धरून वापरली, फ्रेम दुप्पट केली, 24 बाय 36 मिमी, आणि 1925 मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला. म्हणजे ज्याला आपण आज ‘फुल फ्रेम’ म्हणतो ते माप आलं कुठून तर एका भटक्याला ओझं नको होतं त्यातून. आता हेच माप मोठं आणि जड मानलं जातं हा भाग वेगळा.

आपल्याकडे कोकणात कॅमेरा आला तो बराच उशिरा आणि बाहेरून. जुन्या घरांत ट्रंका उघडल्या तर अजूनही एखादा आग्फा क्लिक थ्री सापडतो, हा बडोद्यात बनायचा, रोलमध्ये 12 चौकोनी फोटो, ऊन आहे की ढगाळ एवढंच आपण ठरवायचं. बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या आयातीवर बंधनं होती, दुकानात सहज मिळायचे नाहीत, त्यामुळे आपल्याकडचा खरा रस्ता म्हणजे बोटीवर कामाला असलेले काका नाहीतर कुवेत-दुबईला गेलेले मामा. खेड, चिपळूण, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यातून आखातात किती माणसं गेली ते वेगळं सांगायला नको, आणि त्यांच्या बॅगेत परफ्युम आणि टेपरेकॉर्डरच्या जोडीला एक याशिका असायचाच. चाकरमानी शिमग्याला आला की पालखीबरोबर फोटो काढायचा मान त्याचा, आणि रोल धुवायला जायचा तो बाजारपेठेतल्या स्टुडिओत किंवा थेट मुंबईला.

तोपर्यंत जपानी कंपन्यांनी छोट्या कॅमेऱ्यात काय काय कोंबता येईल याची शर्यत लावली होती. ऑलिंपसने 1959 च्या पेन कॅमेऱ्यात फ्रेमच अर्धी केली, 36 च्या रोलमध्ये 72 फोटो, म्हणजे इथे सोडली फिल्मची जागा. कोनिकाने 1975 मध्ये सी 35 ईएफमध्ये फ्लॅश आतच बसवला आणि 1977 मध्ये सी 35 एएफमध्ये ऑटोफोकस आणला, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिलाच ऑटोफोकस कॅमेरा. माझ्या मते प्रवासाच्या फोटोंचा इतिहास इथे दोन भागांत तुटतो. आधी घरातल्या एकालाच ‘कॅमेरा येतो’ म्हणायचे, नंतर कुणाच्याही हातात द्या आणि सांगा बटण दाब.

1991 मध्ये ऑलिंपसचा म्यू आला, सरकतं झाकण, खिशात जाणारा, आणि 1997 चा म्यू टू तर पाण्याचे शिंतोडेही सोसणारा, लेन्स एफ 2.8 (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), आजही जुन्या बाजारात त्याला भाव आहे. आपल्याकडे मात्र त्या काळात चालला तो कोडॅक केबी 10, प्लास्टिकचा, फोकस ठरलेला, फ्लॅश आत, बाकी काही नाही. त्याला नावं ठेवणारे पुष्कळ, पण उन्हातल्या समुद्रावर तो छान चालायचा कारण उजेड भरपूर असला की छोटं छिद्र आणि ठरलेला फोकस पुरतो, अडचण यायची ती संध्याकाळनंतर. कोकण रेल्वे 1998 च्या 26 जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि तेव्हापासून गणपतीपुळ्याला येणाऱ्यांच्या गळ्यात हेच कॅमेरे दिसायला लागले, 36 फोटोंत अख्खी ट्रिप बसवायची म्हणजे देवळासमोर दोन, समुद्रात पाय बुडवून चार, असा हिशेब चालायचा.

डिजिटलची सुरुवात खरं तर 1975 ची, कोडॅकमध्ये स्टीव्ह सॅसनने बनवलेला साडेतीन किलोच्या वरचा डबा, 0.01 मेगापिक्सेल, एक फोटो कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद. पण सामान्य माणसाला फरक पडला तो 1995 च्या कॅसिओ क्यूव्ही 10 ने, कारण मागे स्क्रीन होती आणि फोटो लगेच बघता येत होता. मग 2000 मध्ये कॅननचा डिजिटल इक्सस आला, 2 मेगापिक्सेल, सुबक धातूची बॉडी, आणि पुढची दहा वर्षं हीच शैली चालली. 2002 मध्ये मिनोल्टाने डायमाज एक्समध्ये लेन्स घडी करून बॉडीतच लपवली, झूम करताना काहीच बाहेर येत नाही. हे लक्षात ठेवा, याचा आपल्या वाळूशी संबंध आहे, खाली येतोच. 2006 मध्ये पॅनासॉनिकने टीझेड 1 काढला, 10 पट झूम, आणि ‘ट्रॅव्हल झूम’ ही जातच जन्माला आली.

पण या सगळ्यात जे सोडलं गेलं ते गिऱ्हाइकाला कुणी सांगितलं नाही, ते म्हणजे सेन्सरचं, फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या चिपचं, माप. या कॅमेऱ्यांतला नेहमीचा सेन्सर म्हणजे 1/2.3 इंच, साधारण 6 बाय साडेचार मिमी, क्षेत्रफळ काढलं तर 35 मिमीच्या फिल्मच्या तिसाव्या हिश्शाएवढं. एवढ्याशा जागेत कंपन्या मेगापिक्सेल वाढवत गेल्या, 5 झाले, 8 झाले, 12 झाले, कारण दुकानदाराला आकडा सांगून विकता यायचं. कॅननने 2008 मध्ये जी 10 ला 14.7 मेगापिक्सेल दिले आणि पुढच्याच वर्षी जी 11 ला परत 10 वर आणले, एवढ्या मोठ्या कंपनीने आकडा खाली आणला, म्हणजे अंधारात फोटो किती किरकिरे येत होते ते समजा. कोकणातल्या माणसाला हे कागदावर वाचायची गरज नव्हती, जत्रेत रात्री दशावतार बघायला बसलं आणि फोटो काढला की संकासुराचा नुसता काळा डाग आणि फ्लॅश मारला की पुढच्या रांगेतल्यांची टाळकी पांढरीफटक.

2010 हे डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीचं शिखर, त्या वर्षी जपानी कंपन्यांनी 12 कोटींच्या वर कॅमेरे जगभर पाठवले, त्यातले बहुतेक हे छोटेच. नंतर जी घसरण लागली ती विचारू नका. आयफोन 2007 चाच, पण 2011-12 पासून फोनचे फोटो ‘चालतील’ असे झाले आणि लोकांनी दुसरी वस्तू चार्ज करायचं सोडलं. कोडॅकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. निकॉनने 2016 मध्ये डीएल नावाची मोठ्या सेन्सरची मालिका गाजावाजा करून जाहीर केली आणि 2017 मध्ये एकही न विकता रद्द केली. कॅसिओने 2018 मध्ये कॉम्पॅक्टचा धंदाच बंद केला. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग 2021 मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेला. तुम्हाला आज स्वस्तात जो ‘कोडॅक’ पिक्सप्रो दिसतो ना, तो बनवणारी कंपनी वेगळी आहे, नाव परवान्यावर घेतलंय. वाईट म्हणत नाही, पण आजोबांचा कोडॅक समजून घेऊ नका.

फोनशी टक्कर द्यायची तर फोनला जे जमत नाही ते द्यायला हवं, म्हणून टिकलेल्या कंपन्या तीन कोपऱ्यांत सरकल्या. पहिला कोपरा म्हणजे खिशातल्याच आकारात मोठा सेन्सर. सोनीने 2012 मध्ये आरएक्स 100 काढला, 240 ग्रॅम वजन, आणि आत एक इंच म्हणतात तो सेन्सर, 13.2 बाय 8.8 मिमी, जुन्या छोट्यांपेक्षा चौपट जागा, शिवाय एफ 1.8 ची लेन्स. दशावताराचा फोटो फ्लॅशशिवाय यायला लागला तो अशा कॅमेऱ्यांपासून. मागोमाग 2014 मध्ये कॅननचा जी 7 एक्स आला. मग 2016 मध्ये पॅनासॉनिकने टीझेड 100 मध्ये याच मापाचा सेन्सर आणि 10 पट झूम एकत्र केलं, आणि 2018 मध्ये सोनीने आरएक्स 100 च्या सहाव्या आवृत्तीत 24 ते 200 मिमी, म्हणजे साधारण 8 पट झूम दिलं पण लेन्सचा उजेड कमी झाला, एफ 1.8 वरून 2.8 वर. परत तेच, काहीतरी दिलं की काहीतरी गेलं. आपल्या किनाऱ्यावर मला विचाराल तर हे लांब झूमवालंच जास्त कामाचं, कर्द्याच्या समुद्रातले डॉल्फिन, हर्णै बंदरावरून दिसणारा सुवर्णदुर्ग, माडावर बसलेला समुद्री गरुड, हे सगळं लांबच असतं आणि फोनवर ओढून घेतलं की रंगवल्यासारखं दिसतं.

दुसरा कोपरा म्हणजे झूमच नाही पण सेन्सर खूप मोठा, रिको जीआर 2013 पासून आणि फुजीचा एक्स 100, जो 2011 मध्ये विकायला आला आणि 2024 ला त्याची सहावी आवृत्ती आली, जगभर वेटिंग लागलं. फोटोची क्वालिटी अप्रतिम आहे यात वाद नाही, गल्लीबोळ, माणसं, कौलारू घरं यांच्यासाठी उत्तम, पण फॅमिली घेऊन जंजिऱ्याच्या शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाने एवढे पैसे घालून खाऱ्या पाण्याच्या तुषारात तो धरायचा म्हणजे फोटोपेक्षा कॅमेऱ्याचीच काळजी.

तिसरा कोपरा तारकर्लीवाल्यांचा. ऑलिंपसने 2012 मध्ये टफ टीजी 1 काढला, तीच वंशावळ आज टीजी 7 पर्यंत आलीय, 15 मीटर खोल पाण्यात चालतो, हातातून पडला तरी चालतो, आणि लेन्स घडी करून आतच, म्हणजे तीच मिनोल्टाची युक्ती. सेन्सर मात्र तोच जुना 1/2.3 इंच. स्कुबाला पर्यटकांना नेतात ती खोली याच्या मर्यादेच्या आतलीच असते. तुमचा फोन वॉटरप्रूफ असेल तर एक सांगतो, ती चाचणी गोड्या पाण्यात झालेली असते, समुद्रात नेऊ नका.

आणि आता वाळू आणि हवा, ज्याबद्दल कॅमेऱ्याचे रिव्ह्यू लिहिणारे कधीच बोलत नाहीत कारण ते लंडन-न्यूयॉर्कला बसून लिहितात. बाहेर येणारी झूम लेन्स प्रत्येक वेळी आत-बाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर वाळू आणि मीठ, आणि एक दिवस लेन्स अर्ध्यात अडकून स्क्रीनवर एरर येते, या जातीच्या कॅमेऱ्यांचा सगळ्यात कॉमन आजार. जून ते सप्टेंबर आपली हवा इतकी दमट असते की कपाटात चामड्याच्या कव्हरात ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि छोट्या कॅमेऱ्याची लेन्स उघडून साफ करायचा खर्च बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. त्यामुळे हवाबंद डबा आणि सिलिका जेल हे कॅमेऱ्याबरोबरच विकत घ्यायचं, नंतर नाही.

हल्ली 2005-2010 च्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची पोरांमध्ये क्रेझ आलीय आणि मुंबईच्या बोराबाजारात वगैरे जे पडून होते त्यांचे भाव वाढलेत. घ्यायला हरकत नाही, तो फ्लॅशचा लूक फोनला जमत नाही हे खरंय, पण रात्रीचं काही मागू नका, आणि त्यांची मेमरी कार्डं बघा, ऑलिंपस-फुजीचं एक्सडी आणि सोनीचं मेमरी स्टिक आता शोधावं लागतं, साधं एसडी चालणारा घेतलेला बरा. घेताना लेन्स चार-पाच वेळा आत-बाहेर करून कानाजवळ धरा, करकर आली तर आत वाळू आहे, आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारून काचेत बघा. विकणारा किनाऱ्यावरचा असेल तर हे दोनदा करा.