पाण्याखालच्या उजेडाची सव्वाशे वर्षं

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक झाली आहे. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. पण फोटोत दिसते ती पाण्यावरची विहीर. पाण्याखालच्या चिऱ्यांचा त्रिमितीय नकाशा करायचा तर कॅमेरा मिळेल, घोडं अडतं ते उजेडापाशी.

ही अडचण जुनीच. फ्रान्सच्या बान्यूल्स किनाऱ्यावर लुई बुताँ हा जीवशास्त्रज्ञ 1893 मध्ये कॅमेरा घेऊन पाण्यात उतरला. शोफूर नावाच्या विद्युत अभियंत्याने त्याला ऑक्सिजन भरलेल्या काचपात्रात मॅग्नेशियमची तार जाळणारा दिवा करून दिला. तो कधीकधी फुटायचा. मग आलं 200 लिटरचं लाकडी पिंप. आत ऑक्सिजन, वर काचेखाली स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुगा दाबून ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड उडवायची. धाडसच म्हणायचं! पुढे 1926 मध्ये फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी तराफ्यावर हीच पूड उडवून पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या हॅरॉल्ड एजर्टनच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने ही जाळपोळ थांबवली.

दिवा जवळ का न्यावा लागतो? पाणी तांबडा रंग आधी गिळतं. थोडं खोल गेलं की सगळं निळं-हिरवं. आणि दिवा भिंगाला चिकटून असला, तर पसरणी घाटातल्या धुक्यात अप्पर मारल्यासारखं होतं: गाळाचे कण चमकतात, मागचं काही दिसत नाही. म्हणून दिवे लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंना.

पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांच्या चमूने 1960 च्या दशकात तुर्कस्तानात यासी अदा इथली बुडालेली जहाजं जोडफोटोंवरून (एकाच वस्तूचे दोन जागांवरून काढलेले फोटो) मोजली. आता सॉफ्टवेअर शेकडो फोटोंतले सारखे बिंदू जुळवून त्रिमितीय नकाशा करतं. छायाचित्रकाराला प्रिय असलेली गडद सावली इथे मात्र नडते. कॅमेऱ्याबरोबर दिवा सरकतो, सावली सरकते, आणि एकच चिरा दर फोटोत वेगळा दिसतो. उजेड सपाट, पसरट हवा. माझ्या मते फोटो जितका नीरस, तितकं मोजमाप चांगलं.

विहिरीत आणखी एक भानगड: वरून थेट ऊन पडलं की लाटांच्या उजळ रेघा भिंतीवर नाचतात. तेव्हा ऊन आत उतरण्याआधी काम उरकावं, मोजपट्टी फोटोच्या चौकटीत ठेवावी आणि तळाच्या गाळाला पाय लावू नये.